मार्काचे शुभवर्तमान उघडून बसताना: नव्या माणसासोबतचे पहिले वर्ष

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) व्हेस्ट्रीत, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीत, दृढीकरणाचे (मुलांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीचे) जुने फोटो ओळीने टांगलेले आहेत. मधे बिशपसाहेब, शेजारी पाळक, मागेपुढे पांढऱ्या कपड्यांतली मुलेमुली. एका नाताळाआधी रंगकामासाठी ते फोटो उतरवत होतो, तेव्हा सोबतच्या काकांनी एकावर बोट ठेवून विचारले, "यातली आता किती येतात रे?" अकरांतली दोन. "आणि त्यातली एक ऑर्गन वाजवायची म्हणून येते," काका म्हणाले. कडवट होते, पण खोटे नव्हते.

या मुलांना काही शिकवले नव्हते असे नाही. दहा आज्ञा, विश्वासांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली), प्रभूची प्रार्थना, सगळे घोकून झाले होते. फोटो काढून झाल्यावर मात्र त्यांच्याबरोबर कोणी बसले नाही. आपण त्यांना वर्ग दिला, प्रमाणपत्र दिले, केक दिला आणि मोकळे झालो.

पाळकसाहेबांनी कधीतरी तुमच्या खांद्यावर हात ठेवून "नव्या लोकांकडे जरा तुम्ही बघा" असे म्हटले असेल आणि बघायचे म्हणजे नेमके काय, हे कळत नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी पाळक नाही, वडीलवर्गातला, म्हणजे मंडळीचे काम बघणाऱ्या सभासदांतला, एक आहे. माझे शब्द मराठी प्रोटेस्टंट मंडळीतले आहेत. तुम्ही वसईच्या कॅथलिक पॅरिशमधले असा की एखाद्या पेंटेकॉस्टल सहभागितेतले, शब्द बदलून घ्या.

आधी 'शिष्य' म्हणजे कोण ते ठरवा

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी (२८:१९-२०) येशूने दिलेली आज्ञा सगळ्यांना पाठ असते. जा, शिष्य करा, बाप्तिस्मा द्या, शिकवा. मूळ ग्रीक वाक्यात या चारांतले मुख्य क्रियापद एकच आहे: शिष्य करा. जाणे, बाप्तिस्मा देणे, शिकवणे ही तिन्ही त्याच्या आधाराने येतात. आपल्या मंडळ्यांत बरेचदा उलटे होते. बाप्तिस्म्याची नोंद रजिस्टरमध्ये झाली की काम संपले असे वाटते.

शिष्य करायचा म्हणजे काय, हे मार्काच्या शुभवर्तमानात (३:१४) एका ओळीत आहे. बारा जणांना नेमले ते कशासाठी? त्यांनी आपल्याबरोबर असावे म्हणून. उपदेशाला पाठवणे त्यानंतर. आधी सोबत, मग काम.

हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये. आपल्याकडे गाणे शिकायचे तर गुरूच्या घरी राहावे लागे, तानपुरे लावावे लागत, बाजारहाट करावा लागे. विद्या त्या घरातच अंगात मुरायची. पण इथेच आपल्या शब्दातला एक धोकाही आहे. 'शिष्य' म्हटले की 'गुरू' मागोमाग येतोच, आणि दोन महिन्यांत आपल्याला वाटू लागते की तो गुरू आपणच. मत्तय २३:८ मध्ये येशूने हे दार बंद करून टाकले आहे: तुमचा गुरू एकच, आणि तुम्ही सगळे भाऊ. म्हणून "हा माझा शिष्य" असे कधीही म्हणू नका, चेष्टेतही नाही. "आम्ही दोघे मिळून वाचतो" एवढे पुरे. नव्या माणसाची सगळी उत्तरे तुमच्याच तोंडून येऊ लागली आणि तुम्हाला विचारल्याशिवाय तो साधी रजाही टाकेनासा झाला, तर ती आत्मिक वाढ नाही. तो तुमच्यावर टेकून उभा आहे, इतकेच.

एकाला विचारा, फार तर दोघांना

सुरुवातीला बॅनर छापू नका. "शिष्यत्व वर्ग, दर शनिवारी सायंकाळी ६ वाजता" अशी घोषणा व्यासपीठावरून झाली की पहिल्या शनिवारी बावीस माणसे येतात, दुसऱ्या शनिवारी नऊ, आणि नाताळची तयारी सुरू झाली की फक्त चाव्या असलेला माणूस. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:२) एकाच वाक्यात चार पिढ्या आहेत: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे आणि ती ज्यांना शिकवतील ते इतर. चारही जण हाताच्या अंतरावर उभे आहेत. सभागृह कुठेच नाही.

कोणाला विचारायचे? हुशार, गाणारा, इंग्रजी शाळेतला, असे बघू नका. उपासना संपल्यावर जो लगेच गाडीची किल्ली काढत नाही, घुटमळतो, "त्या उपदेशातलं ते मला कळलं नाही" असे म्हणतो, तो तुमचा माणूस. पुरुषाने पुरुषाबरोबर आणि बाईने बाईबरोबर बसावे. यात जुनाटपणा वाटला तरी चालेल, पहिल्या वर्षी हा नियम मोडू नका. आपला मुलगा, जावई किंवा हाताखालचा माणूस निवडू नका. तो नाही म्हणू शकत नाही.

विचारताना 'शिष्यत्व' हा शब्दही काढू नका. मी पहिल्यांदा ज्याला विचारले तो गिलाव्याची आणि गळतीची कामे घेणारा गवंडी, तिशीतला, दोन वर्षांपासून मंडळीत शेवटच्या बाकावर बसणारा. मी म्हणालो, "मार्काचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं आहे. आठवड्याला एक वाचू. चार महिन्यांत संपेल. नाही आवडलं तर मधेच सांग, मी रागावणार नाही." तो म्हणाला, "काका, मला वाचायला वेळ लागतो." मी म्हणालो, "मलाही घाई नाही."

मुदत सांगणे महत्त्वाचे. "आता दर आठवड्याला भेटत जाऊ" या वाक्याला शेवट नसतो, आणि शेवट नसलेल्या गोष्टीला माणसे घाबरतात.

पहिले सोळा आठवडे

मार्कच का? चार शुभवर्तमानांत सर्वांत लहान म्हणून. बसून मोठ्याने वाचले तर साधारण दीड तासात पूर्ण होते. आणि त्यात येशू सतत चाललेला दिसतो. नव्या माणसाला आधी रोमकरांस पत्र देणे म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला थेट विहिरीत ढकलणे.

भाषांतराचा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. आपण ज्या पवित्र शास्त्रावर वाढलो त्याची भाषा आपल्या कानांना गोड लागते, पण 'नीतिमान', 'प्रायश्चित्त', 'तारण' हे शब्द नव्या माणसाला कोर्टातल्या कागदासारखे वाटतात. पंडिता रमाबाईंना हे शंभर वर्षांपूर्वी दिसले होते. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या, धड शाळा न पाहिलेल्या बायकांना कळावे म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत संपूर्ण बायबल आणले. ते १९२४ साली प्रसिद्ध झाले, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. आज फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आहे, बायबल सोसायटीच्या आवृत्त्या आहेत, मोबाइलवर ऐकता येणारे वाचन आहे. दोन वेगवेगळी भाषांतरे समोर ठेवा. जिथे फरक दिसेल तिथे थांबा, गप्पा तिथेच सुरू होतात. वाचता न येणाऱ्या मावशींबरोबर बसत असाल तर दोनदा मोठ्याने वाचा. अशा मावशींची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा चांगली असते, हे तुम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळेल.

बैठक एक तासाची. जागा कुठलीही, टपरीसुद्धा चालते. चर्चच्या ऑफिसात मात्र नको, तिथे माणूस आपोआप ताठ बसतो. दर वेळी हेच चार प्रश्न:

१. काय घडले, ते पुस्तक मिटून तुझ्या शब्दांत सांग.
२. येशू कसा आहे, हे यातून काय कळले?
३. माणसे कशी आहेत, म्हणजे आपण कसे आहोत?
४. हे खरे असेल, तर या आठवड्यात काय करायचे?

पुढच्या भेटीची सुरुवात चौथ्या प्रश्नाच्या उत्तरापासून. "केलंस का?" एवढेच विचारायचे, उपदेश नाही. आणि तुम्हीही तुमचे सांगायचे, न जमलेले आधी.

हे प्रत्यक्षात कसे होते ते सांगतो. दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमच्या घरातली गोष्ट आहे. दारात गर्दी, म्हणून चौघे जण छप्पर उकरून पक्षाघाती माणसाची खाट खाली सोडतात. मी मनात तयारी करून गेलो होतो: येशू पापांची क्षमा करतो, शास्त्री चिडतात, हा अधिकार कोणाचा, वगैरे. गवंडी वाचून गप्प बसला. मी बोलायला तोंड उघडणार होतो, पण थांबलो. (हे थांबणे शिकायला मला वर्ष लागले. मनात दहापर्यंत आकडे मोजा.) मग तो म्हणाला, "काका, ते छप्पर नंतर कोणी केलं?"

मला हसू आले. तो गंभीर होता. तिकडची छपरे कशी असत ते मी सांगितले: लाकडी तुळया, त्यांवर फांद्या, वर चोपलेली माती. "मग सोपं होतं," तो म्हणाला. "पण केलं असेलच ना. त्या चौघांपैकी कोणीतरी दुसऱ्या दिवशी माती घेऊन गेला असेल. बरं झालेला माणूसच गेला असेल." आणि चौथ्या प्रश्नाला, मी न सुचवता, त्याने सांगितले की एका बाईंच्या गच्चीचे काम त्याने पैसे घेऊन अर्धवट टाकले आहे आणि ती अजून गळते. त्या रविवारी तो उपासनेला आला नाही. गच्चीवर होता.

मी तयार करून नेलेला धडा त्या दिवशी तसाच खिशात राहिला. पाप आणि क्षमा यांबद्दल आम्ही बोललो, पण तीन आठवड्यांनी, त्याने विचारल्यावर.

प्रश्न अवघड येतील. सोळाव्या अध्यायात ९ ते २० या ओव्यांना (वचनांना) कंस का, हे चौकस माणूस विचारणारच. खरे सांगा: सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मार्क आठव्या ओवीवर थांबतो, पुढचा भाग नंतरच्या प्रतींत येतो. उत्तर माहीत नसेल तर "विचारून सांगतो" म्हणा आणि खरोखर विचारून या. थाप मारलीत तर ती त्याला आज नाही, पण पुढे कधीतरी यूट्यूबवर कळेल आणि मग त्याला बाकीचेही थाप वाटेल.

प्रार्थना शिकवायची, भाषण नाही

नव्या माणसाला प्रार्थना करायला सांगितली की तो घामाघूम होतो. त्याने ऐकलेल्या प्रार्थना "हे परमकृपाळू, सर्वसमर्थ, स्वर्गीय पित्या" अशा सुरू होऊन पंधरा मिनिटांनी थांबणाऱ्या. त्याला वाटते, ही वेगळी भाषा आहे आणि तिची परीक्षा असते.

प्रभूची प्रार्थना घ्या आणि आठवड्याला एकच ओळ. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" या ओळीवर रिक्षाचा हप्ता भरणारा माणूस पाळकांपेक्षा जास्त बोलतो. मग स्तोत्र १३ दाखवा. सहा ओव्यांचे आहे आणि "कुठवर?" या तक्रारीने सुरू होते. देवापुढे रडगाणे चालते, भांडणही चालते, हे पवित्र शास्त्रातच आहे असे कळले की माणसाच्या खांद्यांवरचे ओझे उतरते. पहिली मोठ्याने केलेली प्रार्थना दोन वाक्यांची असू द्या. आमच्या गवंड्याची पहिली प्रार्थना होती, "देवा, आईचं गुडघ्याचं बघ. आमेन."

आणि गाणी. मराठी मंडळीला मिळालेला हा ठेवा आपण फारच सहज घेतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाने ख्रिस्तभक्ती लिहिली आणि त्यांची पदे आजही 'उपासना संगीत'मध्ये रविवारी गायली जातात. महिन्याला एक पद पाठ करायला द्या. उपदेश बुधवारपर्यंत विसरतो, पण चाल दुचाकीवरही तोंडात येते. तरुणांना गिटारवरची गाणी आवडत असतील तर तीही गाऊ देत, भांडू नका. फक्त आजीला येणारे एक पद नातवालाही येईल, एवढे बघा.

घरी जा

चर्चच्या आवारात भेटलेला माणूस आणि घरात भेटलेला माणूस, हे दोन वेगळे असू शकतात. पहिल्या दोन महिन्यांत एकदा तरी त्याच्या घरी जा, आणि त्याला तुमच्या घरी बोलवा. तुमच्या घरी बोलावणे जास्त महत्त्वाचे. तुम्ही बायकोशी कसे बोलता, मुलाला मार्क कमी पडल्यावर काय करता, जेवल्यावर ताट कोण उचलते, हे त्याने बघायला हवे. आम्ही शिकवलेल्या चार महिन्यांतले त्याला काय आठवते, असे एकदा एकाला विचारले. तो म्हणाला, "तुम्ही वहिनींना सॉरी म्हणालात ते."

घरभेटीबद्दल एक जुनी हकिकत मला फार आवडते. १७४२ साली इंग्लंडात ब्रिस्टल इथे मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या लोकांवर इमारतीचे कर्ज होते. तोडगा निघाला की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि साधारण बारा जणांमागे एकाने ती गोळा करावी. गोळा करणारे दारोदार जाऊ लागले आणि कोणाचे घर कसे चालले आहे हे त्यांना पहिल्यांदा दिसू लागले. वेस्लीच्या लक्षात आले की आपल्याला हवे होते ते हेच. पुढे घरोघर फिरणे अवघड पडू लागले, तेव्हा तेच बारा जण आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले. मेथडिस्टांची 'क्लास मीटिंग' उभी राहिली ती अशी, कर्जवसुलीतून.

आता तुमच्या मंडळीत महिन्याची वर्गणी गोळा करायला कोण जाते, ते आठवा. बहुतेक ठिकाणी एखादे निवृत्त काका वही घेऊन फिरतात आणि दारातूनच पावती फाडतात. त्यांना आत बसायला सांगा. पैशांआधी "घरी सगळं कसं आहे?" असे विचारायला सांगा आणि ज्या घरी वर्गणी थकली आहे त्या घरी आधी पाठवा, वहीशिवाय. वर्गणी थकली म्हणून उपासनेला यायला लाजणारी कुटुंबे आपल्या अंदाजापेक्षा जास्त असतात.

काम लवकर हातात द्या

"अजून तयार नाही" हे वाक्य मी मंडळीत पन्नास वर्षांच्या माणसांबद्दलही ऐकले आहे. येशूने बारांना जोडीजोडीने पाठवले ते मार्काच्या सहाव्या अध्यायात, तेव्हा त्यांना धड काही कळलेले नव्हते. ते पुढच्या दहा अध्यायांत दिसतेच.

तिसऱ्या महिन्यापासून छोटे, खरे काम द्या. खुर्च्या मांडणेही काम आहे, पण फक्त तेवढेच देऊ नका. आजाऱ्याला भेटायला जाताना त्याला बरोबर न्या. पहिल्यांदा तुम्ही प्रार्थना करा, दुसऱ्यांदा तो. सुट्टीतल्या बायबल शाळेत लहान मुलांना एक गोष्ट सांगू द्या. हंगामाच्या सणाला भाज्या-धान्याचा लिलाव होतो, त्याचा हिशेब त्याच्याकडे द्या. पैशाचा हिशेब चोख लिहिणे ही आत्मिक वाढीची मोजपट्टी म्हणून मला सभेत दिलेल्या भल्यामोठ्या साक्षीपेक्षा (विश्वासाच्या अनुभवकथनापेक्षा) जास्त भरवशाची वाटते.

चुकेल. व्यासपीठावरून शास्त्रपाठ वाचताना 'नबुखद्नेस्सर'सारखे नाव अडकेल. तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी काय केले ते बघा (प्रेषितांची कृत्ये १८:२६). अपुल्लोस उत्तम बोलायचा, पण त्याला माहिती अपुरी होती. त्या नवराबायकोने चारचौघांत हात वर केला नाही. त्याला आपल्याकडे बोलावून नीट समजावले.

दुसऱ्या धर्माच्या घरातून कोणी आले तर

इथे सर्वांत जास्त सावध राहा, आणि सर्वांत कमी घाई करा.

नोकरी, शाळेतला प्रवेश, दवाखान्याचे बिल, लग्न, यांपैकी कशाचाही विश्वासाशी सांधा जोडू नका. मदत करायची तर करा, आणि तो पुन्हा कधीच चर्चला आला नाही तरी करा. कायद्याची भीती आहे म्हणून नव्हे. आमिषाने आलेला माणूस आमिष संपले की जातो, आणि जाताना त्याच्या मनात येशूविषयी कडू चव राहते. बाप्तिस्म्याचा विषय तुम्ही हाताळू नका. तो माणूस आणि पाळक यांच्यामधला तो विषय आहे.

घर सोडायला, देव्हारा उचलून टाकायला, आईच्या हातचा प्रसाद झिडकारायला सांगणारे उत्साही लोक भेटतील. त्यांना टिळकांच्या घराची आठवण द्या. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने टिळकांना नवा करार दिला. ते पेन्सिलीने खुणा करत वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकून पडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे एकत्र आले तेव्हाही लक्ष्मीबाईंचे सोवळे सुटले नव्हते, वेगळा स्वयंपाक होता, आणि टिळकांनी ते सांभाळू दिले. माणसामाणसांत जातीची ही उतरंड देवाने केली की आपण, या प्रश्नाशी लक्ष्मीबाई स्वतःच झगडल्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. एवढ्या तळमळीच्या माणसाने स्वतःच्या बायकोसाठी पाच वर्षे वाट पाहिली. तुम्हाला तीन महिन्यांत निकाल हवा असतो.

आणि एक अवघड गोष्ट. लक्ष्मीबाईंना जी उतरंड ओलांडायला एवढी वर्षे लागली, ती आपल्या मंडळ्यांत अजून आहे. आडनाव ऐकून मागचे गाव कोणते, मूळ कोणते, हे काढणारी माणसे आहेत. प्रभुभोजनाला एकाच प्याल्यातून घेतात आणि मुलीचे स्थळ बघताना मात्र जुन्या वाटेने जातात. नव्या माणसाला हे सहा महिन्यांत दिसते. तो विचारेल. झाकू नका. गलतीकरांस ३:२८ उघडा आणि आपली मंडळी त्या ओवीपासून किती दूर आहे ते मान्य करा. माझ्या अनुभवात नवी माणसे आपल्या पापांमुळे सोडून जात नाहीत, पापे झाकताना पकडलो गेलो की जातात.

दोनाचे चार झाले की

वर्षाच्या आत बहुधा तुमच्या टेबलाशी आणखी दोघेतिघे येतील. मग घरसभा करा, पण काही गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवा. आठ-दहापेक्षा जास्त माणसे झाली की दोन गट. साडेआठला शेवटची प्रार्थना, कारण कोणाला शेवटची बस असते, कोणाला पहिली पाळी.

आणि खाणे: चहा-बिस्किट. बस. हसू नका, मी यावरून एक चांगली घरसभा मोडताना पाहिली आहे. पहिल्या घरी चहा झाला, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी वडे, नाताळच्या सुमारास बिर्याणी. मग ज्या मावशी धुण्याभांड्यांची कामे करायच्या त्यांनी "या महिन्यात आमच्याकडे नको, पाहुणे आहेत" असे तीनदा सांगितले आणि चौथ्यांदा त्या आल्याच नाहीत. त्यांना कोणी काही बोलले नव्हते. ताटांनीच सांगितले होते.

सकाळी फुलांच्या चित्रावर वचन टाकून तीस जणांना पाठवणे म्हणजे शिष्य घडवणे नव्हे. पाठवा, त्याने नुकसान नाही, पण त्याला काम समजू नका. एकालाच फोन करून "काल डॉक्टर काय म्हणाले?" विचारणे बरे. पाळ्यांमध्ये अडकलेल्या, किंवा दुबईला-पुण्याला गेलेल्या मुलांबरोबर मार्क फोनवरही वाचता येतो. आमची एक जोडी लोकलमध्ये उभ्याने वाचते.

जिथे तडजोड नाही

लहान मुलाबरोबर बंद खोलीत एकटे बसायचे नाही, कोणीही, कितीही जुने असोत. मुलाशी लैंगिक दुर्वर्तन झाल्याचे कळले तर ते कमिटीत मिटवायचे नसते. २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

नवरा मारतो असे एखाद्या ताईने सांगितले तर "सहन कर, प्रार्थना कर" म्हणून परत पाठवू नका. तिला आधी सुरक्षित जागी पोहोचवा. प्रार्थना वाटेत करा.

गोळ्या बंद करायला कोणालाही सांगू नका. साखरेच्या, क्षयाच्या, मनाच्या, कुठल्याच. प्रार्थना आणि गोळी एकाच पाण्याच्या घोटाबरोबर घेता येतात.

बैठकीत ऐकलेले 'प्रार्थनेचा विषय' म्हणून दुसरीकडे सांगायचे नाही. मंडळीतल्या निम्म्या चहाड्या प्रार्थनेच्या विषयांतूनच पसरतात. आणि ज्याच्याबरोबर वाचता त्याला उसने पैसे देऊ नका, घेऊही नका. द्यायचे तर परत न मागण्याच्या तयारीने द्या.

तो यायचा थांबला तर

थांबेल. सातव्या-आठव्या आठवड्यात बहुतेक जण एकदा गळतात. काम वाढते, घरात कोणी बोलते, किंवा चौथ्या प्रश्नाचे उत्तर अंगाशी आलेले असते. दोन आठवडे वाट बघा, मग घरी जा आणि बायबल नेऊ नका. "का आला नाहीस?" हा प्रश्न सोडून बाकी सगळे विचारा. परत आला तर जिथे थांबला होता त्याच अध्यायापासून. दुसऱ्या मंडळीत गेला तर तिथल्या पाळकांना चांगले सांगा. तो तुमच्या नावावर नव्हताच.

आमचा गवंडी नवव्या अध्यायानंतर दोन महिने नव्हता. आईचे ऑपरेशन होते. मग एका गुरुवारी आपणहून टपरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "दहा ना?"

सोळा संपल्यावर मी त्याला लूक सुचवले. त्याला आधी दुसरे काहीतरी करायचे होते. त्याच्या साइटवरच्या वॉचमनला रात्री वेळ असतो, त्याला मार्क वाचून दाखवावा असे त्याच्या मनात होते. मी म्हणालो, सुरुवातीला एकदोनदा मी येतो. चार प्रश्न त्याच्याकडे लिहिलेले होते. त्याने ते जरा बदलले, म्हणे दुसरा आणि तिसरा वॉचमनला एकच वाटतात. पण मला त्याने बोलावले नाही. शेवटी मीच विचारले.

"नको काका," तो म्हणाला. "तुम्ही आलात की तो तुमच्याकडे बघून उत्तर देईल."